व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या श्वसनस्नायूंचे मोजमाप: खाटेजवळ करायची क्रमवार पद्धत

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातील हवेचे प्रमाण), श्वसनाचा वेग, दाब आणि प्रवाह हे सारे दिसते. पण त्या श्वासातला किती भाग यंत्राने दिला आणि किती भाग रुग्णाच्या स्नायूंनी ओढला, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. प्रेशर सपोर्टवर (रुग्णाने सुरू केलेल्या श्वासाला यंत्राने दिलेली दाबाची जोड) असलेल्या दोन रुग्णांचा टायडल व्हॉल्यूम सारखाच ४२० मिलिलिटर असू शकतो आणि तरीही एकाचे श्वासपटल, म्हणजे डायफ्रॅम, जवळजवळ स्वस्थ पडून असते, तर दुसऱ्याचे दमछाक होईपर्यंत राबत असते. रक्तातील वायूंचा अहवाल दोघांचाही समाधानकारक येऊ शकतो. श्वसनाचा आधार ही औषधाच्या मात्रेसारखी गोष्ट आहे, आणि तिचा परिणाम स्नायूंवर काय होतो हे रोज मोजल्याशिवाय ती मात्रा ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. हा लेख अतिदक्षता विभागात काम करणारे निवासी डॉक्टर, परिचारिका आणि श्वसनोपचारतज्ज्ञ यांच्यासाठी आहे; वरिष्ठांच्या देखरेखीखाली पद्धत हातात बसेपर्यंत ती स्वतंत्रपणे वापरू नये.

या मोजमापाची निकड कशामुळे पुढे आली ते थोडक्यात पाहू. २००८ साली लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले. यांच्या श्वासपटलाने १८ ते ६९ तास काहीही काम केलेले नव्हते, सारा श्वास व्हेंटिलेटरच देत होता. तेवढ्या अवधीत मंद आणि जलद अशा दोन्ही प्रकारच्या स्नायुतंतूंचा छेद निम्म्याहून अधिक आक्रसलेला आढळला. पुढे २०१५ मध्ये टोरांटो येथील गॉलिघर आणि सहकाऱ्यांनी १०७ रुग्णांच्या श्वासपटलाची जाडी सोनोग्राफीने रोज मोजली. पहिल्या आठवड्यात ४४ टक्के रुग्णांत ती १० टक्क्यांहून अधिक घटली, तेवढ्याच रुग्णांत फारशी बदलली नाही आणि १२ टक्के रुग्णांत वाढली. जाडी वाढणे ही इथे चांगली खूण समजू नये, कारण अतिश्रमाने स्नायूला इजा होऊनही ती वाढू शकते. याच गटाच्या २०१८ च्या अभ्यासात ज्यांचा स्नायुप्रयत्न निरोगी माणसाच्या शांत श्वासाइतका राहिला, त्यांचे व्हेंटिलेटरवरील दिवस सर्वांत कमी होते.

फुप्फुसाची बाजूही यात आहे. फुप्फुसाला आधीच इजा झालेली असताना रुग्णाने जोराने श्वास ओढला, तर फुप्फुसावर पडणारा एकूण ताण यंत्राने दाखवलेल्या दाबापेक्षा कितीतरी अधिक असतो. प्रयत्न फार कमी झाला तर श्वासपटल सुकते, फार जास्त झाला तर श्वासपटल आणि फुप्फुस दोन्ही दुखावतात.

मोजण्याआधीची तयारी

रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश वर ठेवावे आणि प्रत्येक वेळी तीच स्थिती ठेवावी, कारण आडवे झोपल्यावर श्वासपटलाची जागा आणि ताण दोन्ही बदलतात. नळीतील स्राव ओढून काढावा (सक्शन), श्वासनळीतील नळीभोवतीच्या फुग्यातून (कफ) हवा गळत नाही ना ते पाहावे आणि त्यानंतर रुग्णाला निदान काही मिनिटे शांत राहू द्यावे. नोंदवहीत वेळ, व्हेंटिलेटरचा मोड, प्रेशर सपोर्ट, पीप (उच्छ्वासाच्या शेवटी राखलेला दाब), सेडेशनचे म्हणजे गुंगीचे औषध व त्याचा दर, आरएएसएस गुण (गुंगीची पातळी दाखवणारा), ताप आणि शेवटचा रक्तवायू अहवाल लिहावा. हे रकाने कंटाळवाणे वाटतात, पण यांच्याशिवाय कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून काहीही म्हणता येत नाही.

त्यानंतर कोणतेही बटण दाबण्याआधी दोन मिनिटे नुसते आलेख पाहावेत आणि एक हात रुग्णाच्या पोटावर ठेवावा. उच्छ्वासाच्या प्रवाहरेषेत मध्येच एक खाच पडते, त्याच वेळी पोट हातावर हलते, पण यंत्र श्वास देत नाही, तर तो वाया गेलेला प्रयत्न असतो. असे बहुधा आधार जास्त असल्याने किंवा उच्छ्वास पूर्ण न होता हवा आत अडकल्याने घडते. एका प्रयत्नात लागोपाठ दोन श्वास मिळत असतील, तर यंत्राचा श्वास रुग्णाच्या गरजेपेक्षा लवकर संपतो आहे का ते पाहावे. खोल सेडेशनखालील रुग्णात यंत्राच्या श्वासापाठोपाठ ठरावीक अंतराने स्नायू आकुंचन पावताना दिसले, तर तो उलटा ट्रिगर, म्हणजे यंत्राच्या श्वासानेच सुरू झालेला रुग्णाचा प्रयत्न, असू शकतो. हा प्रकार व्हेंटिलेटरवरील रुग्णांत २०१३ मध्ये अकुमियानाकी आणि सहकाऱ्यांनी वर्णिला, आणि तो रुग्णाची हवेची भूक समजून सेडेशन आणखी वाढवण्याची चूक सहज होते.

पी ०.१: श्वसनकेंद्राची मागणी

बंद केलेल्या श्वासमार्गाविरुद्ध रुग्णाने श्वास घ्यायला सुरुवात केली, की पहिल्या १०० मिलिसेकंदांत दाब किती खाली जातो, त्याला पी ०.१ म्हणतात. एवढ्या अल्प काळात रुग्णाला अडथळ्याची जाणीव होऊन प्रतिक्रिया देता येत नाही, म्हणून हा आकडा मेंदूकडून आलेल्या आदेशाची तीव्रता दाखवतो. बहुतेक आधुनिक व्हेंटिलेटरवर तो एका बटणावर मिळतो. तीन ते पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी, कारण एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंत तो बराच बदलतो. साधारणपणे १ सेंटिमीटर पाण्यापेक्षा (हे दाबाचे एकक) कमी आकडा अपुऱ्या प्रयत्नाकडे आणि ३.५ ते ४ पेक्षा जास्त आकडा अति प्रयत्नाकडे बोट दाखवतो. काही यंत्रे श्वासमार्ग खरोखर बंद न करता ट्रिगरच्या, म्हणजे रुग्णाच्या प्रयत्नाने यंत्राचा श्वास सुरू होण्याच्या, क्षणी झालेल्या दाबघटीवरून अंदाज बांधतात आणि तो खऱ्या आकड्यापेक्षा कमी येऊ शकतो. आपले यंत्र कोणती पद्धत वापरते ते माहितीपुस्तिकेत एकदा पाहून घ्यावे. स्नायूच दुबळे असतील तर मागणी मोठी असूनही पी ०.१ फसवा कमी येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

एक्स्पायरेटरी होल्डवरून स्नायूंचा दाब

खाटेजवळ एकच मोजमाप करण्याइतका वेळ असेल, तर मी हे निवडेन. याला जास्तीचे उपकरण लागत नाही, एका मिनिटात होते, आणि यातून स्नायूंचा प्रयत्न व फुप्फुसावरचा ताण अशा दोन्हींचा अंदाज मिळतो. बर्टोनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ही पद्धत मांडली.

दाबाचा आलेख पडद्यावर मोठा करावा. रुग्ण श्वास सोडत असताना एक्स्पायरेटरी होल्डचे, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी झडप बंद ठेवणारे, बटण दाबून धरावे. रुग्णाचा पुढचा प्रयत्न बंद झडपेवर होतो आणि दाबाची रेषा पीपच्या पातळीवरून खाली दरीसारखी उतरून परत वर येते. एकच प्रयत्न झाला की बटण सोडावे. दुसरा प्रयत्न होऊ देऊ नये, कारण अडवलेला रुग्ण पुढच्या वेळी अधिक जोर लावतो आणि आकडा फुगतो. पडदा स्थिर करून दरीचा सर्वांत खालचा बिंदू कर्सरने वाचावा. हीच कृती अधूनमधून, रुग्णाला आधी चाहूल न लागता, तीन वेळा करावी.

समजा पीप ८ आहे आणि रेषा उणे १२ पर्यंत गेली. म्हणजे घट २० सेंटिमीटर पाण्याची झाली. या घटीचा तीनचतुर्थांश, म्हणजे १५, हा नेहमीच्या श्वासातील स्नायूंच्या दाबाचा अंदाज. शांत श्वासात हा दाब साधारण ५ ते १० असतो, तेव्हा हा रुग्ण बराच जास्त राबतो आहे. आता फुप्फुसाचा विचार करू. प्रेशर सपोर्ट १० असल्याने श्वासाचा सर्वोच्च दाब १८ आहे. त्यातून पीप वजा केला की १० उरतात. त्यात घटीचा दोनतृतीयांश, सुमारे १३, मिळवला की फुप्फुसावरचा गतिमान ताण २३ च्या आसपास येतो. बर्टोनींच्या अभ्यासात १६ ते १७ च्या वरचा आकडा धोक्याचा मानला होता. पडद्यावर मात्र सर्वोच्च दाब १८ आणि टायडल व्हॉल्यूम ४२० असा निरुपद्रवी देखावा दिसत होता.

या गुणाकारातले अपूर्णांक अनेक रुग्णांच्या सरासरीतून आलेले आहेत, म्हणून एखाद्या रुग्णाचा नेमका दाब सांगण्यासाठी ते वापरू नयेत. जास्त, कमी की बेताचा, एवढे ठरवण्यासाठी आणि उपचार बदलल्यावर आकडा कुठे सरकला ते पाहण्यासाठी ही पद्धत भरवशाची आहे.

याच वेळी इन्स्पायरेटरी होल्डही करून घ्यावा. श्वासाच्या शेवटी झडप बंद केल्यावर रुग्ण सैल पडला, तर दाब वर चढून एका सपाट पातळीवर टेकतो. आपल्या रुग्णात तो २५ वर स्थिरावला, तर पीप आणि सपोर्ट मिळून होणाऱ्या १८ पेक्षा ७ ने जास्त आहे. हा अधिकचा भाग रुग्णाच्या स्नायूंनी दिलेला. पातळी सपाट दिसली नाही, रुग्ण मध्येच ओढू किंवा ढकलू लागला, तर तो आकडा टाकून द्यावा.

सोनोग्राफी: जाडी, जाड होण्याचे प्रमाण आणि हालचाल

सोनोग्राफी उजव्या बाजूने करावी. यकृतामुळे तिथे चित्र स्वच्छ मिळते, डावीकडे पोटातील हवा आड येते. १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वारंवारतेचा सरळ प्रोब काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषांच्या दरम्यान, आठव्या ते अकराव्या बरगड्यांमधील जागेत, बरगड्यांना काटकोनात ठेवावा. त्वचेपासून काही सेंटिमीटर खोल दोन चकचकीत पांढऱ्या रेषा दिसतात. वरची फुप्फुसावरणाची, खालची उदरावरणाची. त्यांच्या मधला काळसर पट्टा म्हणजे श्वासपटल. श्वासाबरोबर फुप्फुसाचा पांढरा पडदा सरकत येऊन हे दृश्य झाकत असेल तर प्रोब एक जागा खाली न्यावा. मोजताना कर्सर पांढऱ्या रेषांच्या आतल्या कडेवर ठेवावेत, रेषा त्यात धरू नयेत. चांगली जागा सापडली की त्वचेवर मार्करने खूण करावी. माझ्या मते या संपूर्ण तपासणीतली ही सर्वांत मोलाची कृती आहे, कारण दोन सेंटिमीटर बाजूला सरकले तरी जाडी बदलते.

एम-मोडमध्ये (एका रेषेवरील हालचाल काळानुसार दाखवणारे सोनोग्राफीचे दृश्य) उच्छ्वासाच्या शेवटची आणि श्वासाच्या शिखरावरची जाडी घ्यावी. पहिली १.९ मिलिमीटर आणि दुसरी २.३ मिलिमीटर असेल, तर फरक ०.४, आणि त्याला १.९ ने भागून जाड होण्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के येते. आता पहा, दुसऱ्या मोजमापात कर्सर फक्त ०.२ मिलिमीटरने चुकला तर हेच प्रमाण ११ किंवा ३२ टक्के होईल. म्हणून किमान तीन श्वासांची सरासरी घ्यावी, प्रतिमा मोठी करूनच मोजावे आणि एका दिवसाच्या आकड्यावर मोठा निर्णय घेऊ नये. वर उल्लेखलेल्या २०१८ च्या अभ्यासात १५ ते ३० टक्के हे प्रमाण सर्वांत चांगल्या निष्पत्तीशी जोडलेले होते. रुग्णाने पूर्ण ताकदीने श्वास घेऊनही हे प्रमाण २० टक्क्यांखाली राहिले, तर श्वासपटल गंभीरपणे दुबळे आहे असे समजावे.

श्वासपटलाची वरखाली हालचाल बरगड्यांच्या कडेखालून कमी वारंवारतेच्या वक्र प्रोबने मोजतात. ही हालचाल फक्त आधार काढून घेतलेल्या श्वासातच अर्थपूर्ण असते. सपोर्ट चालू असताना यंत्र हवा भरत असल्याने श्वासपटल स्वतः काही न करताही खाली ढकलले जाते, आणि हे विसरल्यामुळे पक्षाघात झालेले श्वासपटलही निरोगी ठरवले जाते.

अन्ननलिकेतील दाब

अन्ननलिकेतील दाबावरून छातीतील दाबाचा अंदाज येतो; वरील सर्व पद्धती ज्या मापाशी ताडून पाहिल्या जातात ते हे माप. अन्ननलिकेवर नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रक्तस्राव होत असलेल्या फुगीर शिरा आणि गंभीर रक्तगोठण बिघाड असताना ते टाळावे. कवटीच्या तळाला मार असल्यास नळी नाकातून घालू नये. फुगा असलेली नळी आधी जठरापर्यंत, साधारण ५५ सेंटिमीटरवर न्यावी. उत्पादकाने सांगितली तेवढीच हवा भरावी. कमी भरल्यास दाब नीट पोहोचत नाही, जास्त भरल्यास फुग्याचाच ताण मोजला जातो. वरच्या पोटावर हलके दाबल्यावर रेषा वर उडाली की नळी जठरात असल्याची खात्री होते. मग ती हळूहळू मागे घ्यावी. रेषेवर हृदयाच्या ठोक्यांचे लहान लहान कंप उमटू लागले आणि श्वासाबरोबर दाब खाली जाऊ लागला की फुगा छातीत आला.

जागा बरोबर आहे की नाही हे बेदूर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दिलेल्या चाचणीने ठरते. श्वासमार्ग बंद करून रुग्णाला ओढू द्यावे आणि श्वासमार्गातील व अन्ननलिकेतील दाबांचे फरक ताडावेत. त्यांचे गुणोत्तर ०.८ ते १.२ च्या आत हवे. रुग्ण स्वतः श्वास घेत नसेल तर याच बंद स्थितीत छातीवर हळुवार दाब देऊन हीच तुलना करता येते. ही चाचणी न करता नोंदवलेला आकडा संशोधनात तर नाहीच, पण उपचारातही वापरू नये. चांगल्या जागी बसलेल्या फुग्यावर एका श्वासातील ३ ते ८ सेंटिमीटर पाण्याची घट बेताची समजली जाते.

आकड्यावरून कृती

प्रयत्न कमी आढळला तर प्रथम सेडेशन पाहावे, मग कार्बन डायऑक्साइड. आधार जास्त असल्याने रुग्ण गरजेपेक्षा अधिक श्वास घेत असेल, तर कार्बन डायऑक्साइड खाली जातो आणि श्वसनकेंद्र गप्प बसते. अशा वेळी प्रेशर सपोर्ट दोन दोन सेंटिमीटरने उतरवत पुन्हा मोजावे.

प्रयत्न जास्त आढळला तर सेडेशनचा पंप वाढवण्याआधी कारण शोधावे. वेदना, ताप, चयापचयजन्य आम्लता, नळीत साचलेला स्राव, फुप्फुसाभोवती हवा किंवा पाणी, भरलेले मूत्राशय यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. प्रेशर सपोर्ट वाढवल्याने प्रयत्न घटतो, पण टायडल व्हॉल्यूम वाढतो, म्हणून दोन्हींवर लक्ष हवे. औषध निवडताना एक बारकावा फार उपयोगी पडतो: अफूवर्गीय औषधे मुख्यतः श्वसनाचा वेग कमी करतात, तर प्रोपोफॉल प्रत्येक श्वासातला जोर कमी करते. फेंटॅनिल हे अफूवर्गीय औषध वाढवल्यावर वेग ३२ वरून १८ वर आला म्हणून समाधान मानले जाते आणि प्रत्येक श्वासाची ओढ मात्र तशीच राहते; ती एक्स्पायरेटरी होल्डनेच उघडी पडते. गंभीर एआरडीएसमध्ये (फुप्फुसांना तीव्र इजा होऊन श्वसन निकामी होणे) एवढे करूनही ओढ आवरत नसेल, तर काही काळ स्नायू शिथिल करणारे औषध देण्याचा निर्णय वरिष्ठांनी घ्यावा.

वीनिंगच्या (व्हेंटिलेटरचा आधार काढण्याच्या) वेळी

आधार काढण्याच्या चाचणीपूर्वी यांग आणि टोबिन यांनी १९९१ मध्ये मांडलेला निर्देशांक, म्हणजे मिनिटाला श्वसनवेग भागिले लिटरमधील टायडल व्हॉल्यूम, आजही कामाचा आहे. १०५ च्या वर गेल्यास अपयशाची शक्यता वाढते. पण तो अपयशाचे कारण सांगत नाही. कारण शोधायला श्वास ओढण्याचा कमाल दाब मोजावा. सहकार्य न करू शकणाऱ्या रुग्णात फक्त उच्छ्वास बाहेर जाऊ देणारी एकमार्गी झडप लावून सुमारे २० सेकंद अडवावे आणि सर्वांत खोल आकडा घ्यावा. तो ३० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायुदौर्बल्य गृहीत धरून फॉस्फेट, मॅग्नेशियम, पोषण आणि औषधे तपासावीत. हातापायांची ताकद चांगली आहे म्हणून श्वासपटलही चांगले असेल, असे मानू नये: द्रे आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात आधार काढण्याच्या वेळी ६३ टक्के रुग्णांत श्वासपटल दुबळे होते, हातापायांचे दौर्बल्य ३४ टक्क्यांत होते आणि दोन्ही एकत्र फक्त २१ टक्क्यांत. खोकल्याची ताकद हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो पोटाच्या स्नायूंचा आहे. नळी काढण्याआधी तीही पाहावी.

यातून संशोधन करायचे असल्यास

आपल्या विभागातील नोंदींवरून अभ्यास करण्याची इच्छा अनेकांना असते आणि ती योग्यच आहे, परंतु नीतिसमितीची मान्यता आणि जवळच्या नातेवाइकांची संमती यांनीच सुरुवात व्हावी. दुसरे काम म्हणजे मोजणाऱ्यांमधील एकवाक्यता तपासणे. दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता तेच रुग्ण मोजावेत आणि फरकाचा विस्तार लिहून ठेवावा. आपली मोजमापातली चूकच १० टक्के असेल तर १० टक्क्यांच्या घटीवर निष्कर्ष काढता येत नाही. प्रतिमा आणि आलेख मूळ स्वरूपात जपावेत, नुसते आकडे नव्हेत, म्हणजे रुग्णाची निष्पत्ती माहीत नसलेल्या व्यक्तीकडून ते पुन्हा वाचून घेता येतात.

निष्पत्ती काय धरायची, हे आधीच ठरवून लिहावे. व्हेंटिलेटरवरील दिवस हा सोयीचा आकडा वाटतो, पण लवकर मृत्यू पावलेल्या रुग्णाचे दिवसही कमीच भरतात, तेव्हा मृत्यूची वेगळी दखल घेणारी पद्धत हवी. जास्त आजारी रुग्णाला सेडेशनही जास्त मिळते आणि त्याचे श्वासपटलही सुकते, म्हणून सुकण्यामुळे निष्पत्ती बिघडली की आजारामुळे दोन्ही घडले, हा प्रश्न निरीक्षणात्मक अभ्यासात कायम उरतो. स्नायूंची ताकद वाढली म्हणजे रुग्ण लवकर सुटला असेही नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, श्वासपटल चालवणारा फ्रेनिक चेतातंतू शिरेतून उद्दीपित करणाऱ्या चाचणीत श्वास ओढण्याचा कमाल दाब उपचार गटात अधिक वाढला, पण वीनिंगच्या यशात स्पष्ट फरक दिसला नाही. याउलट मार्टिन आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या लहान चाचणीत, दीर्घकाळ व्हेंटिलेटर न सुटलेल्या ६९ रुग्णांपैकी श्वसनस्नायूंचा व्यायाम दिलेल्या गटात ७१ टक्के आणि दुसऱ्या गटात ४७ टक्के रुग्ण सुटले. प्रयत्न ठरावीक टप्प्यात राखल्याने मृत्यू घटतात हे मोठ्या यादृच्छिक चाचण्यांनी अजून सिद्ध झालेले नाही. अशा चाचणीसाठी आधी पाहावे लागते ते एवढेच, की ठरवलेला टप्पा आपल्या विभागात दिवसातले किती तास प्रत्यक्ष गाठता येतो. त्यासाठी पी ०.१ आणि एक्स्पायरेटरी होल्ड दर आठ तासांनी नोंदवण्याचा तक्ता पुरतो, आणि तो भरण्याची जबाबदारी प्रत्येक पाळीत एका व्यक्तीच्या नावावर असावी.